मोलिएरचा अभ्यास कसा करावा : आधी नाटकमंडळी, मग नाटके

मोलिएर या फ्रेंच विनोदी नटाचे आणि नाटककाराचे चरित्र समजून घ्यायला निघालेल्या वाचकाने एक गोष्ट सुरुवातीलाच पत्करावी. त्याच्या एकाही नाटकाचे त्याच्या हस्ताक्षरातले बाड आज उपलब्ध नाही. खासगी पत्रे नाहीत, रोजनिशी नाही, आत्मकथन नाही. करारांवर आणि पावत्यांवर केलेल्या सह्या तेवढ्या शिल्लक आहेत. ही पोकळी भरून काढण्यासाठी अनेक चरित्रकारांनी त्याच्या पात्रांच्या तोंडची वाक्ये त्याच्याच मनातली मानली आणि त्या वाक्यांवरून त्याचा संसार, त्याचा मत्सर, त्याचे दुखणे रंगवले. असे चरित्र वाचायला गोड लागते, पण ते टिकत नाही. अभ्यासाची वाट याच्या नेमकी उलट असावी. मोलिएर हा मुळात एका नाटकमंडळीचा चालक होता, मुख्य विनोदी नट होता आणि मंडळीला नवा खेळ हवा असे म्हणून लिहिणारा लेखक होता. म्हणून आधी मंडळीचा हिशेब पाहावा, मग भूमिकांचे वाटप पाहावे आणि त्यानंतरच नाटकाची संहिता हाती घ्यावी.

या वाटेवर पहिले काम साधनांची प्रतवारी लावण्याचे आहे. समकालीन कागदपत्रे सर्वांत वर ठेवावीत : बाप्तिस्म्याची नोंद, विवाहाची नोंद, मंडळीचे करार, कर्जाचे दस्तऐवज आणि मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. त्याखाली त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेले ठेवावे. त्यात ला ग्रांज या नटाची हिशेबवही आणि १६८२ साली ला ग्रांजच्या देखरेखीखाली निघालेल्या समग्र आवृत्तीची प्रस्तावना ही दोन साधने प्रमुख आहेत. सर्वांत खाली उशिराने लिहिलेल्या हकिकती याव्यात. ग्रिमारे याने १७०५ साली, म्हणजे मोलिएरच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी, पहिले विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्याचा मुख्य आधार बारों या नटाच्या आठवणी हा होता, आणि बारों मोलिएरच्या हाताखाली आला तेव्हा पोरसवदा होता. मोलिएरविषयी आज सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या चटकदार गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी याच पुस्तकातून आल्या आहेत. त्या टाकून देण्याचे कारण नाही, मात्र टिपण काढताना त्यांच्यापुढे ‘ग्रिमारे सांगतो’ असे लिहिण्याची शिस्त पाळावी.

ही शिस्त किती उपयोगी पडते हे जन्मतारखेवरूनच दिसते. पॅरिसच्या सेंत-युस्ताश चर्चमध्ये झां-बातिस्त पोक्लँ या मुलाचा बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२ रोजी झाला. ही बाप्तिस्म्याची तारीख आहे, जन्माची नव्हे. तरीही अनेक ठिकाणी ती जन्मतारीख म्हणून छापलेली आढळते. शिवाय ही नोंद उजेडात यायला १८२१ साल उजाडावे लागले. बेफारा नावाच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने चर्चच्या नोंदवह्या चाळून ती शोधली, आणि त्या शोधाआधीचे ग्रंथ जन्माविषयी जे सांगतात ते त्यामुळे बाद ठरते. चरित्रकारांनी दीडशे वर्षे एकमेकांचे उतारे घेतले आणि मूळ कागद एका पोलिसाने पाहिला, ही गोष्ट मला तरी मोठी मासलेवाईक वाटते.

बालपणावर फार वेळ घालवू नये. वडील झां पोक्लँ हे गृहसजावटीचे कापड आणि फर्निचर यांचे व्यापारी-कारागीर होते आणि १६३१ साली त्यांनी राजाच्या सेवेतले तशाच कामाचे पद मिळवले. आई मारी क्रेसे १६३२ साली वारली. थोरल्या मुलाने १६३७ साली वडिलांच्या पदाचा वारस म्हणून शपथ घेतली. एवढे टिपून घेतले की पुरे. पुढे प्रौढपणी हाच मुलगा ते पद सांभाळत राजाच्या शयनगृहातली सेवाही करत होता, म्हणजे दरबारात त्याचा वावर केवळ नट म्हणून नव्हता, हे मात्र विसरू नये.

खरा अभ्यास १६४३ सालापासून सुरू करावा. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने आईच्या वारशापोटी आणि इतर हक्कांपोटी वडिलांकडून ६३० लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) घेतले आणि ३० जून रोजी ‘इल्युस्त्र तेआत्र’ या नव्या मंडळीच्या करारावर सही केली. हा करार मुळातून किंवा भाषांतरातून जरूर वाचावा, कारण त्यात मंडळीतली सत्ता कोणाकडे होती हे उघड दिसते. नायकाच्या भूमिका तिघा पुरुषांनी आळीपाळीने कराव्यात, असे त्यात ठरले आहे आणि त्या तिघांत पोक्लँ हा एक आहे. मादलेन बेजार हिला मात्र आपल्याला हवी ती भूमिका निवडण्याचा हक्क दिलेला आहे. २१ वर्षांचा पोक्लँ तेव्हा मंडळीचा प्रमुख नव्हता. मंडळीची नाणावलेली नटी मादलेन होती, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे ती त्याची सहकारी राहिली. मोलिएर ही सही प्रथम दिसते ती २८ जून १६४४ च्या एका कागदावर. हे नाव त्याने का घेतले याचे कारण त्याने कोणालाही सांगितले नाही असे ग्रिमारे लिहितो, आणि तो प्रश्न तिथेच सोडून द्यावा.

टेनिससारख्या खेळाच्या बंदिस्त अंगणाचे नाट्यगृह करून चालवलेली ही मंडळी दोन वर्षांत कर्जात बुडाली. ऑगस्ट १६४५ मध्ये मोलिएरला कर्जापायी शातले येथील तुरुंगात टाकण्यात आले, आणि त्याच्या सावकारांत मेणबत्त्यांचा व्यापारी होता. या तपशिलावर क्षणभर थांबावे. त्या काळच्या नाट्यगृहात दिवाबत्ती हा रोजचा मोठा खर्च होता. झुंबरांतल्या मेणबत्त्या खेळ चालू असताना कापाव्या आणि बदलाव्या लागत. गल्ला भरो वा न भरो, मेणबत्त्या जळतच. पुढे यशाच्या काळातही प्रत्येक प्रयोगाच्या गल्ल्यातून आधी खर्च वजा होई आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडत, हे लक्षात ठेवले तर मोलिएर इतक्या घाईने नवी नाटके का लिहीत होता हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१६४५ ते १६५८ ही तेरा वर्षे मंडळी प्रांतोप्रांती हिंडत होती. या काळाची साधने विखुरलेली आहेत, म्हणून इथे तारखांपेक्षा आश्रयदात्यांची साखळी धरून वाचावे : आधी एपर्नोंचे ड्यूक, नंतर लांगदोक प्रांतात प्रिन्स द कोंती. कोंतीचे प्रकरण विशेष बारकाईने पाहावे. त्याने मंडळीला आपले नाव दिले, पेझनास येथे तिचे खेळ करवले आणि पुढे धर्मनिष्ठेचा झटका आल्यावर तो आश्रय काढून घेऊन नाटकांच्याच विरोधात उभा राहिला. ढोंगी धार्मिकतेवर लिहिणाऱ्या नाटककाराने असा माणूस जवळून पाहिला होता एवढे म्हणणे योग्य ठरेल. त्याच्या ‘तार्त्यूफ’ या नाटकातला धर्मनिष्ठेचे ढोंग करणारा तार्त्यूफ म्हणजेच कोंती असे म्हणण्यास मात्र आधार नाही. लिओंमध्ये केलेले ‘लेतुर्दी’ आणि १६५६ साली बेझिए येथे केलेले ‘ल देपी आमुरो’ ही पाच अंकी नाटके याच काळातली आहेत.

२४ ऑक्टोबर १६५८ रोजी लूव्र राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर झालेला प्रयोग हा या चरित्राचा सांधा आहे. मंडळीने आधी पिएर कॉर्नेय या त्या काळच्या नामांकित नाटककाराचे ‘निकोमेद’ हे गंभीर नाटक केले आणि त्यानंतर मोलिएरने पुढे येऊन, प्रांतात जी छोटी प्रहसने करून आम्ही थोडे नाव मिळवले त्यांपैकी एक दाखवण्याची परवानगी असावी, अशी विनंती केली. प्रहसन रंगले आणि मंडळीला पती-बुर्बों येथील नाट्यगृह मिळाले. तिथे स्कारामूशच्या इटालियन मंडळीचे बस्तान आधीपासून होते. तिला १,५०० लिव्र देऊन मोलिएरच्या मंडळीने आठवड्यातले उरलेले दिवस घेतले. शब्दांइतकाच हातवाऱ्यांवर आणि उड्यांवर भर देणाऱ्या इटालियन नटांच्या शेजारी तो कित्येक वर्षे काम करत होता, हे प्रत्येक नाटक वाचताना ध्यानात असावे.

आता ला ग्रांजच्या वहीकडे वळू. १६५९ साली मंडळीत आलेल्या या तरुण नटाने १६८५ पर्यंतची नोंद ठेवली आहे. ती वाचण्याची रीत अशी : आधी तारीख, मग खेळाचे नाव, मग गल्ला, मग प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम. मंडळीचे वर्ष ईस्टरपासून ईस्टरपर्यंत मोजावे, कारण ईस्टरच्या आसपास नाट्यगृह बंद असे आणि करार त्याच वेळी नव्याने होत. समासातल्या खुणांकडेही लक्ष द्यावे. ला ग्रांज मृत्यूसारख्या घटनेपुढे काळी खूण करतो आणि विवाहासारख्या शुभ घटनेपुढे निळे वर्तुळ काढतो. ऑक्टोबर १६६० मध्ये पती-बुर्बोंचे नाट्यगृह पूर्वसूचना न देता पाडायला घेतले, हे त्याने नोंदवले आहे. १६६१ च्या ईस्टरला मोलिएरने एकाऐवजी दोन वाटे मागितले आणि त्याने लग्न केल्यास दुसरा वाटा त्याच्या पत्नीचा असेल अशी मंडळीची मंजुरी मिळाली, हेही तिथेच आढळते. लग्न झाले २० फेब्रुवारी १६६२ रोजी, म्हणजे त्या गोष्टीची चाहूल हिशेबात जवळजवळ वर्षभर आधी लागते.

वहीच्या मदतीने दंतकथा कशी तपासावी याचे एक उदाहरण देतो. ‘ल मिझांत्रोप’ हे माणूसघाण्या आल्सेस्तचे नाटक प्रेक्षकांना रुचले नाही, ते आपटू लागले, तेव्हा मोलिएरने ‘ल मेदसँ मालग्रे ल्युई’ हे लाकूडतोड्याला मारून मुटकून वैद्य बनवण्याचे प्रहसन घाईने लिहून त्याला जोडले आणि मोठ्या नाटकाला वाचवले, अशी गोष्ट पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली. ‘ल मिझांत्रोप’ ४ जून १६६६ रोजी लागले. नोंदी पाहिल्या तर ते पहिल्या हंगामात स्वतःच्या बळावर वीसहून अधिक वेळा झाले असे दिसते. प्रहसन ६ ऑगस्टला आले तेही दुसऱ्याच नाटकाबरोबर, आणि या दोघांची जोडी लागली ती सप्टेंबरमध्ये, मोजक्या प्रयोगांपुरती. गोष्ट तिथेच कोसळते. वहीचा उपयोग असा करावा : जिथे कोणी ‘प्रेक्षकांनी नाकारले’ किंवा ‘प्रचंड गाजले’ असे लिहिले असेल, तिथे त्या आठवड्यांचे गल्ले काढून पाहावेत.

भूमिकांचे वाटप हा अभ्यासाचा सर्वांत रंजक भाग आहे आणि बहुतेक वाचक नेमका तोच वगळतात. प्रत्येक नाटकासाठी एक कोरे पान घ्यावे, पात्रांची नावे लिहावीत आणि त्यांपुढे मूळ नटांची नावे भरावीत; सर्व भरता येणार नाहीत, पण मुख्य भरता येतात. मोलिएरने स्वतः मास्कारिय, स्गानारेल, आर्नोल्फ, ऑर्गों, आल्सेस्त, आर्पागों, जूर्दँ, स्कापँ आणि आर्गां या भूमिका केल्या. या यादीत तार्त्यूफ नाही. नाटकाला ज्याचे नाव आहे ती भूमिका त्याने द्यु क्रोआझी याला दिली आणि आपण फसवल्या जाणाऱ्या गृहस्थाची, ऑर्गोंची, भूमिका घेतली. तार्त्यूफ रंगमंचावर प्रथम येतो तो तिसऱ्या अंकात. ऑर्गों पहिल्या अंकापासून आहे. पहिल्या अंकात घरी परतलेला ऑर्गों घरच्यांची खुशाली विचारतो, दासी दोरीन मालकिणीचा ताप, डोकेदुखी, रात्रभरची तळमळ सांगते, आणि तो दर वेळी एकच विचारतो : ‘आणि तार्त्यूफ?’ धष्टपुष्ट आहे, तुकतुकीत आहे, ओठ लालचुटूक आहेत, असे उत्तर मिळताच तो ‘बिचारा!’ म्हणून हळहळतो. प्रश्न आणि उद्गार तेच, बदलत जाते ती फक्त दोरीनची माहिती. कागदावर हा प्रवेश चटकन संपतो. चेहऱ्याच्या हालचालींसाठी नावाजलेल्या नटाने तो स्वतःसाठी लिहिला आहे हे कळल्यावर मात्र हास्याचे माप ऑर्गोंच्या पारड्यात का आहे हे दिसू लागते.

‘लाव्हार’ या कंजुषाच्या नाटकातही असेच दोन दुवे सापडतात. आर्पागों नोकर ला फ्लेशला ‘लंगडा कुत्रा’ अशी शिवी देतो. मादलेनचा भाऊ लुई बेजार पायाने अधू होता आणि ही भूमिका त्याची मानली जाते. आर्पागों आपल्या खोकल्याची कुरकुर करतो तेव्हा लग्न जुळवणारी फ्रोझीन त्याला सांगते की, तुमचा खोकला तुम्हाला शोभतो. खोकणारा नट खोकला लपवू शकत नव्हता, म्हणून लेखकाने तो पात्राला देऊन टाकला. हे आत्मचरित्र नव्हे. हाताशी असलेल्या सामग्रीतून खेळ उभा करण्याची ही रीत आहे, आणि चाळीशी ओलांडलेल्या, छातीच्या विकाराने त्रस्त झालेल्या मोलिएरविषयी यातून जे कळते ते कित्येक पाने भरून लिहिलेल्या भावनिक तर्कांपेक्षा अधिक भरवशाचे आहे.

त्याला काम करताना पाहायचे असेल तर ऑक्टोबर १६६३ मधला ‘लँप्रोंप्त्यू द व्हर्साय’ हा एकांकी खेळ वाचावा. त्यात मोलिएर मोलिएर म्हणूनच रंगमंचावर येतो, मंडळीतले नट आपापल्या नावांनी येतात, राजा येण्याची वेळ झाली आहे आणि कोणाचेही पाठांतर झालेले नाही. तालीम घेता घेता तो प्रत्येकाला त्याच्या पात्राचा स्वभाव समजावतो, आणि मध्येच ओतेल द बुर्गोन्य या प्रतिस्पर्धी नाट्यगृहातल्या नटांच्या नकला करतो. तिथल्या कल्पनेप्रमाणे राजाचे काम करणारा माणूस चौघांइतका जाडजूड हवा, सिंहासन भरून टाकणारा हवा, असे सांगून तो त्यांच्या ठसकेबाज, टाळ्या मागणाऱ्या पठणाची टर उडवतो. त्याच्या अभिनयविषयक मतांचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळत नाही. हे नाटक अभ्यासक्रमांत क्वचितच असते, हे आश्चर्यच आहे.

लग्नाच्या प्रश्नाला हात घालताना कागद आणि आरोप यांची सरमिसळ होऊ देऊ नये. आर्मांद बेजार ही सुमारे वीस वर्षांची होती आणि मोलिएर चाळीस वर्षांचा. विवाहाच्या नोंदीत ती मादलेनची धाकटी बहीण आहे. ती प्रत्यक्षात मादलेनची मुलगी होती असे विरोधक म्हणत, आणि १६६३ साली मोंफ्लरी या प्रतिस्पर्धी नटाने याहून भयंकर आरोप राजाकडे लेखी केला. राजाने उत्तर शब्दांनी दिले नाही. फेब्रुवारी १६६४ मध्ये तो मोलिएरच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता झाला. आरोपाची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख शेजारी शेजारी मांडावी, म्हणजे निष्कर्ष लिहिण्याची फारशी गरज उरत नाही. लग्नानंतर दहा महिन्यांनी आलेले ‘लेकोल दे फाम’ हे तरुण मुलीला अज्ञानात वाढवून तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या पुरुषाचे नाटक आहे, त्यामुळे ते संसाराचे चित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याच प्रकारचे कथानक त्याने लग्नापूर्वी, जून १६६१ मध्ये, ‘लेकोल दे मारी’त हाताळलेले होते. वैद्यांच्या टिंगलीबाबतही हाच निकष लावावा : ती त्याच्या प्रहसनांत आजारपणाच्या आधीपासून आहे.

‘तार्त्यूफ’चे प्रकरण मात्र सावकाश, तारखांचा तक्ता करूनच वाचावे. एप्रिल १६६४ मध्ये, नाटक लागण्याच्या आधीच, एका गुप्त धार्मिक संघटनेच्या बैठकीत ते दडपण्याची चर्चा झाली. १२ मे रोजी व्हर्साय येथील उत्सवात त्याचे तीन अंक झाले आणि सार्वजनिक प्रयोगांवर बंदी आली. पिएर रुले या पाद्र्याने मोलिएरला माणसाचा वेष घेतलेला सैतान म्हणून त्याला जाळण्याची भाषा केली. ५ ऑगस्ट १६६७ रोजी बदललेले नाटक ‘लँपोस्तर’ या नावाने पॅरिसमध्ये लागले. नायकाचे नाव पानुल्फ झाले होते आणि त्याला लहान टोपी, लांब केस, मोठी कॉलर, तलवार आणि वस्त्रावर लेस असा संसारी माणसाचा पोशाख दिला होता, म्हणजे तो धर्मसेवक वाटू नये. राजा फ्लँडर्सच्या युद्धावर होता. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाचे प्रमुख लामोआन्यों यांनी प्रयोग थांबवले आणि ११ ऑगस्टला आर्चबिशपने ते पाहणाऱ्या-वाचणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. ला ग्रांज आणि ला तोरिलिएर हे दोन नट अर्ज घेऊन थेट लील येथील छावणीत गेले. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजी परवानगी मिळाली आणि त्या दिवशीचा गल्ला वहीत २,८६० लिव्र असा आहे.

या प्रकरणी मोलिएरने राजाला केलेले तीनही अर्ज नाटकासोबत वाचावेत. पहिले दोन युक्तिवादाचे आहेत. तिसरा परवानगीच्या दिवशीचा असून त्यात तो आपल्या डॉक्टरच्या मुलासाठी चर्चमधले एक पद मागतो. हा डॉक्टर मला आणखी तीस वर्षे जगवण्याचे वचन द्यायला तयार आहे, पण त्याने मला मारणार नाही एवढे कबूल केले तरी मी समाधानी आहे, असे मी त्याला सांगितले, असे तो राजाला लिहितो. पाच वर्षांची लढाई जिंकलेल्या माणसाचा स्वर या अर्जात जितका स्पष्ट ऐकू येतो तितका नाटकाच्या प्रस्तावनेतही येत नाही.

‘दों जुआं’ वाचताना आवृत्ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. १५ फेब्रुवारी १६६५ रोजी आलेले हे नाटक पंधरा प्रयोगांनंतर, गल्ला चांगला असूनही, ईस्टरच्या सुट्टीनंतर पुन्हा लागलेच नाही. नायक एका भिकाऱ्याला देवाची निंदा केलीस तर सोन्याचे नाणे देतो म्हणतो आणि भिकारी नकार देतो, हा प्रवेश पहिल्या प्रयोगानंतरच कापला गेला. मोलिएरच्या हयातीत ते छापले गेले नाही. १६८२ च्या पॅरिसच्या आवृत्तीवर कात्री चालली आणि पूर्ण पाठ १६८३ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. फ्रान्सच्या रंगमंचावर तर पिएर कॉर्नेयचा धाकटा भाऊ तोमा कॉर्नेय याने केलेले सौम्य पद्यरूपांतरच एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होते. हातातल्या भाषांतरात भिकाऱ्याचा प्रवेश पूर्ण नसेल तर ते बाजूला ठेवावे.

दरबारी नाटकांसाठी प्रत्येक नावापुढे दोन तारखा लिहाव्यात, दरबारातली आणि शहरातली. ‘ल बुर्जवा जांतियोम’ शांबोर येथे १४ ऑक्टोबर १६७० रोजी झाले आणि पॅरिसमध्ये नोव्हेंबरमध्ये. त्यात लुली या दरबारी संगीतकाराचे संगीत, नृत्ये आणि तुर्की समारंभ आहे, आणि हा समारंभ आदल्या वर्षी आलेल्या ऑटोमन दूताच्या भेटीच्या आठवणीतून आला. ‘जॉर्ज दांदँ’ जुलै १६६८ मध्ये व्हर्सायला गाण्या-नाचण्याच्या चौकटीत बसवलेले होते, तर शहरात ते नुसतेच लागले. एकटे वाचले तर श्रीमंत शेतकऱ्याची ही गोष्ट कडवट लागते. मेंढपाळांच्या प्रेमगीतांमध्ये गुंफलेली पाहिली तर तितकी लागत नसावी. संगीत वगळून छापलेल्या संहितेवरून मत बनवण्याआधी हा फरक मोजावा. १६७२ साली लुलीने संगीतनाटकाचा एकाधिकार मिळवला आणि त्याचे मोलिएरशी फाटले, म्हणून शेवटच्या ‘ल मालाद इमाजिनेर’चे संगीत शार्पांतिएचे आहे.

नाटके कोणत्या क्रमाने वाचावीत याबद्दल माझे मत ठाम आहे. सुरुवात ‘ल मिझांत्रोप’ने करू नये, मग समीक्षक काहीही म्हणोत; त्यात घटना थोड्या आणि पद्य बारीक विणीचे, त्यामुळे सुमार भाषांतरात ते रटाळ वाटते. १६५९ चे एकांकी ‘ले प्रेसिएझ रिदिक्यूल’ आणि त्यानंतर ‘ल मेदसँ मालग्रे ल्युई’ ही गद्य नाटके आधी घ्यावीत, मग ‘लाव्हार’, मग ‘तार्त्यूफ’. मराठी वाचकाला आणखी एक जवळची वाट आहे. १६६० च्या ‘स्गानारेल’ या प्रहसनात तसबिरीवरून उडालेला संशयाचा गोंधळ मर्फी या लेखकाच्या इंग्रजी नाटकातून गोविंद बल्लाळ देवल यांच्याकडे आला आणि ‘संशयकल्लोळ’ झाला. आचार्य अत्रे यांच्या ‘कवडीचुंबक’चे मूळ ‘लाव्हार’ आहे. ही रूपांतरे माहीत असतील तर मूळ नाटक त्यांच्या शेजारी ठेवून, कोणता प्रवेश राहिला, कोणता गेला आणि कोणत्या पात्राला नवी बोली मिळाली, हे प्रवेशागणिक ताडून पाहावे.

मृत्यूविषयी लिहिताना ‘रंगमंचावर मेला’ असे लिहू नये. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी ‘ल मालाद इमाजिनेर’च्या चौथ्या प्रयोगात, आजाराचा भ्रम जडलेल्या आर्गांची भूमिका करताना, त्याला त्रास झाला, प्रयोग त्याने पूर्ण केला आणि त्याच रात्री रिशल्य रस्त्यावरच्या घरी तो वारला. खोकल्याच्या जोराने शरीरातली एक शीर तुटली आणि त्यानंतर तो पाऊण तासही जगला नाही, असे ला ग्रांज नोंदवतो. नटाचा व्यवसाय विधिपूर्वक सोडण्याची संधी न मिळाल्याने धर्मविधींसह दफनाला नकार आला. आर्मांदने अर्ज केल्यावर आर्चबिशपने परवानगी दिली ती, दोनच पाद्री असावेत, थाटमाट नसावा आणि विधी दिवसा होऊ नये, अशा अटींवर. २१ फेब्रुवारीच्या रात्री सेंत-जोझेफ दफनभूमीत त्याला पुरले. पेर लाशेझ दफनभूमीतले आजचे थडगे १८१७ सालचे आहे आणि त्यात नेलेले अवशेष त्याचेच आहेत याची खात्री देता येत नाही.

अभ्यास मृत्यूपाशी थांबवू नये, कारण वही तिथे थांबत नाही. पती-बुर्बोंनंतर मंडळी जिथे खेळत होती ते पाले-रोआयालचे नाट्यगृह लुलीकडे गेले, काही नट फुटून प्रतिस्पर्ध्यांकडे गेले, उरलेले गेनेगो रस्त्यावरच्या नाट्यगृहात मारे या पॅरिसमधल्या दुसऱ्या मंडळीच्या नटांबरोबर उभे राहिले आणि १६८० साली राजाज्ञेने ओतेल द बुर्गोन्यशी विलीनीकरण होऊन कॉमेदी-फ्रांसेझ ही राजाश्रयाची नाटकसंस्था स्थापन झाली. या सात वर्षांच्या नोंदी काढून मोलिएरची कोणती नाटके त्याच्यावाचूनही गल्ला भरत होती ते पाहावे.

राहिला प्रश्न मोलिएरची नाटके पिएर कॉर्नेयने लिहिली का, हा. १९१९ साली पिएर लुई या लेखकाने तो वाद उकरून काढला, आणि हस्तलिखिते नसल्याने तो अधूनमधून डोके वर काढतो. २०१९ साली फ्लोरिआं काफिएरो आणि झां-बातिस्त कां या संशोधकांनी शब्दसंग्रह, यमके आणि व्याकरणिक लकबी यांची संगणकीय तुलना प्रसिद्ध केली, आणि मोलिएरची नाटके एका गटात, कॉर्नेयची दुसऱ्या गटात पडली. त्यावर एक परिच्छेद लिहावा, अधिक नको.